सहादेवभाऊजींचा बेस

गाण्याच्या पार्टीत बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाकडे कुणी पाहत नाही. लोक गायकाकडे पाहतात, ढोलकीवाल्याकडे पाहतात, कीबोर्डवाला गॉगल लावून आला असला तर त्याच्याकडेही पाहतात. बेसवाला मागे, पडद्याला टेकल्यासारखा उभा असतो. माझे धाकटे दीर सहादेवभाऊजी कोपरगावच्या बन्सीकाकांच्या भीमगीत पार्टीत बारा वर्षं असेच मागे उभे होते. १९९४च्या दसऱ्यापर्यंत त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, असं मी खात्रीनं सांगू शकते.

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहतो. एका ओळीत सोळा खोल्या. आमची चौथी, त्यांची पाचवी, मध्ये एकच भिंत. त्यामुळे भाऊजींचा संसार, बायकोशी, म्हणजे दीपाशी, होणारी भांडणं आणि बेस, हे तिन्ही मी भिंतीतून ऐकत आले आहे. ते आयटीआय करून कारखान्यात वायरमन म्हणून लागले. मोटारी रिवाइंड करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. जळालेली मोटर उघडली की आधी तिचा वास घेतात आणि कशानं जळली ते सांगतात. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना असा वास येत नाही.

बेसचा नाद त्यांना लग्नाआधी शिर्डीत लागला. तिथे कुठल्याशा ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात गाणं रंगात आलं असताना ते एकदम पोकळ झालं. सामान हलवल्यावर खोली वाटते तसं. गायक गात होता, तबला चालू होता, लोक टाळ्या देत होते. भाऊजी मान उंच करकरून काय थांबलं ते शोधत राहिले. मागे एक टक्कल पडलेला माणूस वाकून गिटारची वायर बसवत होता. वायर बसली आणि गाणं पुन्हा भरलं. "वहिनी, एवढ्या माणसांत त्याला आन् मला, दोघांनाच कळलं काय झालं ते," असं ते अजून सांगतात. चारचौघांत आपल्यालाच कळलेली गोष्ट माणूस सोडत नाही. त्यांनी नाशिकहून जुनी बेस गिटार आणली आणि वर्षभरात बन्सीकाकांच्या मागे उभे राहिले.

गिटारला आवाज द्यायची पेटी त्यांनी स्वतः केली. ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळला, प्लायवूडचा खोका ठोकला, त्यात पंधरा इंची स्पीकर बसवला. खोक्याच्या आत कापूस भरावा लागतो म्हणतात. तो कुठून आला ते दीपाला पहिल्या थंडीत माहेरची गादी काढल्यावर कळलं. पेटीच्या दर्शनी फळीवर, स्पीकरच्या शेजारी, त्यांनी पेंटरकडून बाबासाहेब काढून घेतले होते. निळा कोट, हातात पुस्तक, डोळे असे की कुठूनही पाहिलं तरी आपल्याकडे पाहतात. आता ज्या वस्तूवर बाबासाहेब आहेत ती जमिनीवर ठेवायची नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. स्टेजवर खाली चपला असतात, वायरी असतात, लोक ओलांडून जातात. म्हणून कार्यक्रमाला निघताना टेम्पोत आधी एक लोखंडी टेबल चढायचं आणि मग पेटी. स्टेजवर टेबल, टेबलावर निळं कापड, त्यावर पेटी. दुरून फार छान दिसायचं.

तर १९९४चा दसरा, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आपल्या बन्सीकाकांची पार्टी झाली आणि मग श्रीरामपूरची पार्टी उभी राहिली. मी आणि दीपा बायकांत पुढेच बसलो होतो. भाऊजी गिटार खांद्याला लावून आमच्या मागे उभे होते. श्रीरामपूरच्या पार्टीत चेतन नावाचा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा बेस वाजवत होता. मानेपर्यंत केस, डोळे मिटलेले. त्यानं पहिली तार छेडली आणि दीपाच्या हातातल्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. तिनं पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "ताई, इथं वाजतंय बाई."

भाऊजींनी ते ऐकलं. घरी येताना टेम्पोत ते एवढंच विचारते झाले, "माझा बेस कुठं वाजतो गं?"

दीपाला खोटं बोलता येत नाही. तिचं कौतुक करावं की कीव, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "तुमचा दिसतो की. तुम्ही वाजवताना दिसता ना."

बारा वर्षं भाऊजी समजत होते की बेस हा लोकांना ऐकूच येत नसतो, तो नसला तरच कळतो. त्या दिवशी त्यांना समजलं की त्यांचाच ऐकू येत नव्हता.

मत्सर मी जावांत पाहिला आहे, शेजारणींत पाहिला आहे, स्वतःतही पाहिला आहे, त्यामुळे मी त्याला लगेच ओळखते. पण तो इतक्या मेहनतीनं केलेला मी पहिल्यांदा पाहिला. उसाचा हंगाम सुरू झाला, कारखाना चोवीस तास धडधडू लागला, आणि पाळी संपवून आलेले भाऊजी अंघोळीआधी पेटीसमोर बसू लागले. चेतनच्या तारा चकाकतात, म्हणून आधी तारा. नव्या मिळेपर्यंत जुन्या उकळून काढाव्यात असं त्यांना कुणी सांगितलं होतं. दीपाच्या चहाच्या पातेल्यात तारा उकळल्या आणि आठवडाभर त्यांच्याकडच्या चहाला खिळ्याची चव आली. फरक पडला नाही. मग चेतनच्या पायापाशी एक पेडल असतं, पायानं दाबलं की आवाज आवळून सारखा करणारं, म्हणून पेडल. भाऊजींनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तसंच एक जुळवलं. दाबलं तर पेटीतून रेडिओवरचे कांद्याचे बाजारभाव आले. ओळीतल्या सोळाही खोल्यांनी ते ऐकले आणि चहाला थांबल्यावर लोक त्यांना लासलगावचा भाव विचारू लागले. त्यांनी ते पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. भाव थांबले, बेस होता तसाच राहिला.

चेतनची पार्टी जिथे असेल तिथे ते जाऊ लागले. राहाता, संगमनेर, येवला. निमित्त मोटारीच्या सामानाचं. येताना बिडीच्या बंडलाच्या कागदावर चेतनच्या ॲम्प्लिफायरच्या बटनांची चित्रं काढून आणायचे, घड्याळासारखी. खर्जाचं बटन तीन वाजता, मधलं अकरा वाजता, वरचं नऊ वाजता. आपल्या पेटीवर तेच वाजवून पाहायचे. रात्रपाळीहून आलेला शेजारी दार वाजवेपर्यंत ते चालायचं.

आणि निंदा. जेवताना, दाढी करताना, माझ्या दारात बसून. केस पाहिले का त्याचे. डोळे मिटून वाजवतो, गाणाऱ्याकडं कोण बघणार. पेटी कुठंही टाकतो, भिंतीशी, खाली, चपलांच्या शेजारी, वस्तूची काही अदब हाय का न्हाई. मी तांदूळ निवडत ऐकत असे. नंतर लक्षात आलं की त्या निंदेतच उत्तर होतं. पण दोष मोजायला बसलेल्या माणसाला उत्तर दिसत नाही, आणि मलाही दिसलं नाही. मला तेव्हा एवढंच वाटत होतं की यांना एकदा तरी तो आवाज मिळावा आणि ओळ शांत व्हावी.

एकदा दीपा सहज बोलून गेली, "एवढं करण्यापेक्षा त्यालाच विचारा ना."

"कुणाला?"

"चेतनला."

ताटावरून उठून ते पाळीला निघून गेले. डबाही नेला नाही.

मार्चमध्ये चेतनच कोपरगावात आला. त्याच्या पार्टीत भांडणं होऊन ती मोडली होती, बहीण इथेच दिलेली, तिच्याकडे राहून तो एका कॅसेटच्या दुकानात लागला. बन्सीकाकांना भेटला आणि मग रीतीनं भाऊजींकडे आला. "जय भीम, दादा," म्हणून वाकला. दीपानं पोहे केले. मी खोबरं किसून द्यायच्या निमित्तानं तिथेच होते. मुलगा गोड होता, हेच वाईट. तो म्हणाला की दादांच्या पेटीचं सगळ्या पार्ट्यांत नाव आहे, बाबासाहेबांची पेटी म्हणून. तो गेल्यावर भाऊजी पेटीवरची धूळ पुसू लागले. मग म्हणाले, "पेटीचं नाव ऐकलंय त्यानं. बेसचं न्हाई ऐकलं."

दोन दिवसांनी बन्सीकाकांनी निरोप धाडला. चौदा एप्रिलला तालुक्यातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. पार्टीत बेसवाला एकच लागतो. रविवारी दुपारी विहारात सराव ठेवू, दोघांनी वाजवावं, ज्याचा चांगला वाजेल तो चौदा तारखेला उभा राहील. काका बोलायला गोड नाहीत, पण अन्यायी नाहीत. भाऊजींना नाही म्हणता येईना. बारा वर्षांत चौदा एप्रिलला त्यांच्याशिवाय त्या जागेवर कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

रविवारी आम्ही बायकाही विहारात जाऊन बसलो. चेतनचा ॲम्प्लिफायर, पेटी सगळं जुन्या पार्टीचं होतं, ते तिकडेच राहिलं. त्याच्याकडे नुसती गिटार. तेव्हा दोघांनी भाऊजींच्याच पेटीवर वाजवायचं ठरलं. आधी भाऊजींनी वाजवलं. नेहमीसारखं, नीट, कुठे चूक नाही आणि कुठे काही नाही. मग चेतननं वायर जोडली, बटनं पाहिली, एक तार छेडली, आणि मान वाकडी करून पेटीकडे पाहिलं.

"दादा, पेटी खाली घेऊ का? त्या भिंतीला लावून?"

"ती खाली न्हाई ठेवत आमी."

आवाजाच्या नादात विसरलेलं फळीवरचं चित्र चेतननं तेव्हा पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं चित्रासमोर हात जोडले. "चुकलं दादा. राहू द्या तिथंच."

आणि तो वाजवू लागला. दसऱ्याला पेल्यातलं पाणी हलवणारा तो मुलगा, तेच हात, आणि पेटीतून आवाज आला तो भाऊजींच्यासारखाच. पातळ. डब्यात खडे हलवल्यासारखा. मी भाऊजींकडे पाहत होते. आधी त्यांच्या तोंडावर जे आलं ते सांगायला मला संकोच वाटतो, इतका तो उघडा आनंद होता. परीक्षेत शेजारचाही नापास झाल्यावर पोराला होतो तसा. मग तो आनंद हळूहळू विझला. ते उठले, पेटीजवळ गेले आणि टेबलावर तळवा ठेवला. टेबल थरथरत होतं. लोकांच्या पोटात जायचं ते सगळं टेबलाखालच्या मोकळ्या हवेत आणि त्या पत्र्यात जिरत होतं. मोटर उघडून वास घेताना त्यांचा चेहरा असतो, तसा झाला.

बन्सीकाकांनी डोकं खाजवलं. "दोगांचं सारकंच वाजतंय की रं. मग जुना काय वाईट हाय? सहादेवच वाजवंल."

"बरोबर आहे काका," चेतन म्हणाला. गिटार गुंडाळली, सगळ्यांना जय भीम घातला आणि गेला. टेबलाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर दीपानं शिरा केला. भाऊजींनी खाल्ला नाही. संध्याकाळी ते माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले.

"वहिनी, त्याला म्हाईत हुतं."

"काय?"

"पेटी टेबलावर हाय तवर कुणाचाच बेस लागनार न्हाई. त्याला पैल्या तारेत कळलं. चित्र बघितलं आन् गप बसला."

मी म्हटलं, मग राहू द्या. निवड झाली आहे, कुणाला कळलेलं नाही, पेटी आता हवी तशी मांडा. खरं सांगायचं तर मला ते जिंकायला हवे होते. सहा महिने भिंतीतून मीही त्यांच्याबरोबर जळत होते.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हातातलं काम थांबलं. "म्हंजी बाबासाहेबांच्या आडून जिंकायचं व्हय?"

सोमवारी त्यांनी रजा टाकली. पेटीची दर्शनी फळी उतरवली, तिच्या मापाची दुसरी कोरी कापली, स्पीकर तिच्यावर बसवला. चित्राची फळी पुसून घरात भिंतीवर लावली. स्पीकरचं मोठं गोल भोक राहिलं होतं, त्यात दीपानं घड्याळ बसवलं, ते अजून तिथे आहे. दुपारी त्यांनी कोरी पेटी पहिल्यांदा फरशीवर ठेवली, कोपऱ्यात सरकवली आणि तार छेडली. माझ्या स्वयंपाकघरात फळीवरचे डबे बोलले. झाकणं खुळखुळली. मी धावत बाहेर आले तर दीपा पीठ लागलेले हात घेऊन दारात उभी होती आणि भाऊजी भिंतीकडे तोंड करून वाजवत होते. पाठ थरथरत होती, ती बेसनं की आणखी कशानं, मी विचारलं नाही.

इथंच थांबले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. आवाज सापडला होता, जागा त्यांचीच होती. पण ते सायकल काढून कॅसेटच्या दुकानात गेले आणि चेतनला म्हणाले की रविवारी परत ये. मग बन्सीकाकांकडे गेले आणि आधीचा सराव खरा धरू नका म्हणून सांगून आले. काका म्हणाले, तुझं डोकं फिरलंय का? भाऊजी म्हणाले की फिरलंय, पण रविवारी बसा.

दुसऱ्या रविवारी पेटी विहाराच्या फरशीवर, भिंतीला लागून. भाऊजी म्हणाले, मी आधी. आणि असं वाजवलं की बन्सीकाका कडव्याच्या मधेच वळून मागे पाहू लागले आणि एक ओळ विसरले. ढोलकीवाला हसला. मला वाटलं, झालं, आता काय राहिलं. मग चेतन उभा राहिला.

त्यानं भाऊजींपेक्षा कमी वाजवलं. हे मला गाण्यातलं फार कळत नसूनही कळलं. जिथे भाऊजी भरत होते तिथे तो जागा सोडत होता, आणि त्या मोकळ्या जागेत काकांचा आवाज येऊन बसत होता. मग पुढची तार आली की ती पोटातच नव्हे, गुडघ्यांपर्यंत जायची. आवाज आता दोघांचा सारखाच होता, म्हणूनच हातांतला फरक लपेना. गाणं संपलं. काका खाली पाहून हार्मोनियमच्या भात्याशी चाळा करत राहिले. ढोलकीवाल्यानं लागलेलीच ढोलकी पुन्हा लावायला घेतली.

"चौदा तारखेला चेतन वाजवंल," भाऊजी म्हणाले. दुसऱ्या कुणी ते बोलायच्या आत त्यांनी बोलून टाकलं. "पेटी माझीच ऱ्हाईल."

यात त्यांचा मोठेपणा होता, असं आमचे मिस्टर म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. मोठेपणा होताच, पण चौदा एप्रिलला स्टेजच्या कडेला, पेटीला लागून, निळा शर्ट घालून बसलेला माणूस मोठेपणानं बसला नव्हता. बटनांना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, चेतनलाही नाही. त्यांची बोटं मांडीवर चालली होती. चेतन पुढे काय वाजवणार ते आधीच वाजवून पाहायचे, आणि त्यानं वेगळंच काही वाजवलं की जबडा आवळायचे. पुढच्या रांगेतल्या बायांनी पोटावर हात ठेवले. ते त्यांनी पाहिलं. पेटी त्यांची होती, आवाज त्यांनी शोधलेला होता, आणि बाया पाहत होत्या त्या केसवाल्या पोराकडे.

चेतन दोन वर्षं पार्टीत होता. भाऊजी दर कार्यक्रमाला पेटी घेऊन जात आणि कडेला बसत. मला शिकव, असं ते चेतनला कधी म्हणाले नाहीत, त्यानंही शिकवतो म्हटलं नाही. पण भिंतीतून मला ऐकू येई. जागा सोडणं हळूहळू त्यांच्या हातात येत होतं. मधूनच राहवत नसे आणि ते भरून टाकत, मग स्वतःवरच चिडून तीच ओळ पुन्हा. सत्त्याण्णवला चेतन पुण्याला गेला, मोठ्या ऑर्केस्ट्रात. जाताना भेटायला आला तेव्हा भाऊजी नेमके पाळीला होते. पाळी नव्हती, हे मला ठाऊक आहे.

तेव्हापासून ते पुन्हा बन्सीकाकांच्या मागे उभे राहतात. गेल्या महिन्यात पुणतांब्याला कार्यक्रम झाला. भाऊजी स्टेजवरून उतरताना बायडाबाई म्हणून एक म्हातारी त्यांचा हात धरून म्हणाली की, लेकरा, लई वर्सांनी काळजात वाजलं. टेम्पोत दीपा आणि मी समोर बसलो होतो. राहाता मागे पडल्यावर त्यांनी तिला विचारलं, "चेतनवानी वाजलं का?"

मी तिच्या पायाला हळूच पाय लावला. तिला कळलंही असेल. तिनं नेहमीसारखा बराच विचार केला.

"जवळ आलंय," ती म्हणाली.

त्या 'जवळ'वर ते आठ दिवस दीपाशी धड बोलले नाहीत. कालपासून पाचव्या खोलीत पुन्हा प्लायवूड कापल्याचा आवाज येतो आहे, आणि दीपानं आपली गादी माझ्याकडे आणून ठेवली आहे.